मुक्ताच्या नॉक्टर्नची लय

७ ऑगस्ट २००७
मुक्ताला जाऊन पाच महिने झाले. तब्येत उत्तम. झोप सात तास.
तिला पियानो शिकवणाऱ्या लोबो मिसचा फोन आला. डिसेंबरच्या कॉन्सर्टमध्ये मुक्ता नॉक्टर्न ही संथ रचना वाजवणार होती. यादीतलं नाव काढू का? म्हणालो, तिच्या जागी मी वाजवतो. शाळेत पेटी वाजवायचो. चार महिने म्हणजे एक छोटं प्रोजेक्ट.

२ सप्टेंबर
उजवा हात तयार. डावा नाही. पेटीवर तो फक्त भाता मारायचा. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला चाळीसवर.
लोबो मिस म्हणाल्या, "हे साठला वाजतं. ही चाल गायली तर गाणाऱ्याचा श्वास पुरला पाहिजे." सांगितलं, चाळीस हा माझा विचारपूर्वक निर्णय आहे. रोमँटिक संगीत विलंबितच खुलतं. म्हणाल्या, "निर्णय आहे की नाइलाज?"
मेट्रोनोम पुन्हा सुरू केला.

१४ ऑक्टोबर
एक्सेल शीट केली. दर आठवड्याला दोन ठोके वाढवायचे. कॉन्सर्टपर्यंत अठ्ठावन्न. उरलेले दोन उत्साहात येतील.
ऋतुजाची यंदा दहावी. अभ्यासातून उठून विचारायला आली, "बाबा, हे कधी संपतं?" मुलांना संगीताची जाण उशिरा येते.

२५ नोव्हेंबर
लोबो मिस म्हणतात, मेट्रोनोम बंद करा. लय कुठे ताणायची, कुठे सोडायची, ते आपलं आपल्याला कळतं. विचारलं, ताणायची कुठे? "जिथून पुढे जावंसं वाटत नाही, तिथे."
असं कुठेच वाटत नाही. शीटमध्ये नोटेशनमधले दोन खंड, 'बार ९ आणि १७', लिहून टाकले. प्रश्न मिटला.

१६ डिसेंबर, संध्याकाळ
कॉन्सर्ट झाली. साठला सुरू केलं. बार नऊला ताणायचं राहिलं, मग कुठेच थांबता येईना. साडेचार मिनिटांचं अडीच मिनिटांत संपलं. टाळ्या पडल्या. लोबो मिस फक्त म्हणाल्या, "पाणी घ्या."
ऋतुजाबरोबर बाहेर पडताना एक बाई भेटल्या. गेल्या वर्षी मुक्ताबरोबर क्लासला होत्या, मग बदली होऊन नाशिकला गेल्या. "तुम्ही मुक्ताचे मिस्टर ना? ती कुठंय?"
म्हणालो, स्वारगेटला ट्रॅफिकमध्ये अडकलीय. येईलच.
"मग भेटूनच जाते," म्हणाल्या.
आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. बाई आजच्या वादनाबद्दल चांगलं बोलत होत्या. दहा मिनिटांनी ऋतुजाने त्यांना खरं काय ते सांगितलं.
मीही ऐकलं.