महिन्याला इतकीच विमानं

१२ फेब्रुवारी २०२४
ऑर्डर निम्म्यावर आली. सुमंतनं जेवताना सांगितलं. 'बरं' म्हटलं. आमटी अळणी होती, तेही बोलले नाही.

१३ फेब्रुवारी
गेल्या महिन्यात अमेरिकेत उडत्या विमानाचा दाराएवढा भाग निखळला. मग तिथल्या सरकारी खात्यानं ते विमान बनवणाऱ्या कंपनीला बजावलं — महिन्याला इतकीच विमानं, वर एकही नाही! तो भाग आमचा नव्हे. आमचे ब्रॅकेट त्याच विमानांच्या सीटखालचे, तळहाताएवढे. पण विमानं वाढायची थांबली, तिकडं माल साचला, आणि सातारा एमआयडीसीतली आमची शेड अडली. दुसरं गिऱ्हाईकच नाही. सुमंतनं कधी घेतलंच नाही.

नानासो उंब्रजहून येतात, सगळ्यांत जुने मशीनवाले. म्हणाले, "आवं वैनी, कंपन्यांस्नी इमानं मिळंनात म्हणत्यात, आन् आपल्याला काम न्हाई. ह्ये कसं वो?"

काय सांगणार! एवढी मोठी विमानं करणाऱ्या कंपन्या जगात मुळात दोन. एकीला वेसण. दुसरी युरोपातली, तिच्याकडं वर्षानुवर्षांची रांग, तिलाही इंजिनं मिळत नाहीत.

४ मार्च
दुसरी पाळी बंद.

२० एप्रिल
सांगलीला माहेरी. मयूरी आली होती, माझी धाकटी बहीण — बंगळूरला खरेदी खात्यात आहे, युरोपवाल्यांना माल पुरवणाऱ्या फर्ममध्ये. म्हणाली, "ताई, आम्ही नवे पुरवठादार शोधतोय. भावोजींना सांग, नमुने पाठवा. वेळ लागेल, पण काम मिळेल."

आई भेळ कालवत होती. मी खाल्ली. चव आठवत नाही.

२२ एप्रिल
सुमंतला सांगितलं.
"त्यांच्या जिवावर आपण उभे राहिलो, विनू. आता पडत्या काळात त्यांच्या वैऱ्याच्या दारात जाऊ?"
"ते आपल्याला ओळखतात तरी का रे?"
ताटावरून उठला.

१० मे
नानासो गेले. मुलाकडं, कोयनानगरला. मशीन पुसून, तेल देऊन मग निघाले. सुमंत केबिनमधून बाहेर आलाच नाही! नानासो काचेकडं बघत उभे राहिले थोडे. मग मलाच म्हणाले, "साहेबांस्नी सांगा, रागानं न्हाई चाललो."

निरोप सांगितला. त्यानं मान हलवली. मी कपडे वाळत घातले.

१३ मे
नमुने मीच पाठवले. तपासणी माझ्याकडंच असते — मीच काढून घेतले, मीच मोजले, मीच कुरियर केले. रात्री सुमंतला सांगून टाकलं.

त्यानं दिवा मालवला. ओरडला असता तर बरं.

जून
लिहिण्यासारखं काही नाही.

१४ नोव्हेंबर
बंगळूरचे दोघे शेड बघायला आले. सगळं उघडून पाहिलं. एकानं विचारलं, "इथं निर्णय कोण घेतं?"
मी सुमंतकडं पाहिलं.
"ह्या घेतात," तो म्हणाला. आणि बाहेर गेला.

३ मार्च २०२५
मंजुरी आली. मयूरी फोनवर किंचाळत होती. मी म्हटलं, हो, छान झालं. "ताई, तू ठीक आहेस ना?" — आहे की.

९ जून
पहिला लॉट. माणसं अपुरी. सकाळी बघते तर नानासोंच्या मशीनवर सुमंत! मालक झाल्यापासून हात लावला नव्हता. त्याचे पहिले तीन ब्रॅकेट मापात बसेनात. मी बाजूला टाकले. त्यानं चौथा लावला. तो बसला.

 आज घरी एकाच गाडीतून आलो.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. फराळ विकतचा.

२७ ऑक्टोबर
अमेरिकेनं मर्यादा वाढवलीय. सुमंतच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला — पूर्वीएवढं काम, ताबडतोब! तो मशीनवरच होता. हात पुसून ऐकलं सगळं. मला वाटलं, आता केबिनकडं पळेल. तर फोनवर म्हणाला, "आमच्या मॅडमना विचारून कळवतो."

थट्टा नव्हती. माझ्याकडं बघत उभा राहिला, नोकर उभा राहतो तसा.

वाईट वाटलं. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं मला!