तांबं, चांदी आणि साटंलोटं

नंदा,

तू शाळेतून येशील तोवर मी कुरवंड्याला सासरी पोचलेली असेन. भाकरी टोपल्यात आहेत. सरूवहिनीला आधी वाढ. बाळंतीण असून ती तोंडानं मागायची नाही.

तुझं समीकरण पाहिलं. दोन्हीकडं एक तांबं, एक चांदी दिसली की बरोबरची खूण करून मोकळी! अगं, विद्युतभार कोण मोजणार? डावीकडं चांदीवर एक धन, उजवीकडं तांब्यावर दोन. तांबं दोन इलेक्ट्रॉन सोडतं, चांदी एकेकच घेते, म्हणून चांदी दोन्हीकडं दोन-दोन लिही. सोडलेला इलेक्ट्रॉन हवेत विरत नाही, कुणाला तरी तो घ्यावाच लागतो.

आबांनीही नुसती डोकीच मोजली. साटंलोटं ठरवताना म्हणाले, "आमची लेक तुमच्यात, तुमची आमच्यात, झाली फिटंफाट." दादाला सरूवहिनी आली, तिच्या भावाला मी गेले. तिथं माझं काय होतं ते माझ्या पाठीवर तू पाहिलंयस. काल धाकटे दीर सांगून गेले, मी आज परतले नाही तर ते आपल्या बहिणीला उचलून नेतील आणि बाळ इथंच ठेवतील. वहिनी रात्रभर माझे केस विंचरत बसली. म्हणून जातेय.

एक राहिलं. काल दिरांना पाणी तू नेऊन दिलंस. पुन्हा त्यांच्यापुढं जाऊ नकोस. त्यांनी आबांना तुझं वय विचारलं, आणि आबांनी सांगितलं.

अक्का