गळ्यातली पोवळी खलात

१० फेब्रुवारी १९७४
कुसे, मी सांगते तसं लिही, तारीख घाल आधी. सूनबाईला, सुनंदाला, पाचवा महिना लागला. तिच्या पोटात अन्न ठरत नाही, छातीत जळजळ, गालफडं बसलीत. मागच्या खेपेला असंच होऊन सहाव्यात गेलं. घरात सगळे हळू बोलतात, जसं काही मोठ्यानं बोललं की... असो. सरकारी डॉक्टरांच्या पांढऱ्या गोळ्या उलटून पडल्या. वाईचे वैद्य म्हणाले, प्रवाळ देऊ, म्हणजे पोवळं खलून. चोख मिळत नाही, बघा कुठं मिळालं तर.

१४ फेब्रु.
आमचा शंकर हळद घेऊन सांगलीला गेलेला. बायकोसाठी पोवळ्याच्या काड्या आणल्या. वैद्यांनी पाण्यात टाकल्या, पाणी लाल. "शंकरराव, हळद चोख विकलीत, पोवळं मात्र रंगवलेलं घेतलंत." पोराचं तोंड उतरलं. मी त्याला गूळपाणी दिलं. हसू नकोस कुसे, टोमणा न मारता दिलं.
मग वैद्यांची नजर माझ्या गळ्याकडं.

१५ फेब्रु.
मंगळसूत्रातली पोवळी आमच्या म्हाताऱ्यानं, फौजेत हवालदार असताना, लढाईतून, इटलीहून आणलेली. एवढी वर्षं मी म्हणत आले, काच आहे, साताऱ्याच्या गड्याला तिकडं खरं कोण विकतंय. आज एक मणी काढून वैद्यांनी लिंबू पिळलं. बुडबुडे! अस्सल. म्हातारा सगळ्या वाईकडं बघत होता, माझ्याकडं सोडून.
वैद्य सांगत होते, समुद्रातल्या बारक्या जिवांचं हे घर. जीव मरतो, घर उरतं. एकदा बसले की जागा सोडत नाहीत. म्हटलं, आमचा पेन्शनर तसाच.
"सगळी लागतील," वैद्य म्हणाले.
म्हातारा उठलाच. "आवं, काच असती तर गळ्यात ऱ्हायली असती. खरी निघाली म्हणून कुटायची व्हय?"

१६ फेब्रु.
जेवला नाही. सवाष्णीच्या गळ्यातलं काढणं बरं न्हवं म्हणे. म्हटलं, "मला काय? धोका असला तर तुमाला हाय." हसला मेला. तेवढ्यात परसात सुनंदा भिंतीला धरून ओकत होती. ते बघून म्हणाला, "काढ." स्वतःच सर धरून पोवळी सोडवली. माझ्या गळ्यात आता दोऱ्यात हळकुंड. शंकरच्या पोत्यातलंच.

२५ फेब्रु.
वैद्यांनी गुलाबपाण्यात खलून खलून पीठ केलं. गुलकंदातून देतो. पहिल्या दिवशी तेही पडलं. आज अर्धी भाकरी, दुपारपर्यंत ठरली. डॉक्टर म्हणाले, "एक प्रकारचा चुनाच आहे हा आजी. ठरतोय ना, द्या. पण दर आठवड्याला दाखवायला आणा." मी पानाला लावते तो चालंल का विचारलं. "तो नको." बरं.

८ मार्च
जळजळ कमी. भाकरी, ताक ठरतं. पण पोटात अजून हालचाल नाही. परवा सहावा लागेल. सासऱ्यानं सुनेला कसं विचारायचं, म्हणून म्हातारा रोज मला विचारतो, "जेवली का?" विचारायचं असतं भलतंच.
आत्ता सुनंदानं माझा हात धरून पोटावर ठेवला. "आत्याबाई, लागलं का काय?"
काहीतरी सळसळलं. ताक पण असेल.
"थांब," म्हटलं, "परत बघू."
सोप्यात म्हातारा खोकतोय. खोकू दे. कुसे, टाक थांबव जरा, कुरकुरतोय. माझा हात अजून तिथंच आहे.