भाजकातली माणसं

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

स्टाफरूमच्या चहातून आलं हद्दपार झालं आहे. ठराव नाही, सूचना नाही, साधी शोकसभाही नाही! पंचफुलाबाईंना जाब विचारला. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आलं महाग झालं सर. तुमी श्लोक म्हना, गरमी येते." संस्कृत विभागाची एवढीच उपयुक्तता वाशीमकडच्या या मालेगावात आता शिल्लक आहे.

दुसरं — मी संपादित करतो त्या आमच्या संशोधन-त्रैमासिकाचा आकडा आला. ०.१८. आदल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे दाखले इतरांनी वर्षभरात किती दिले, त्याला लेखांच्या संख्येने भागायचं. दिल्लीकडची एक संस्था बसून हे भागाकार करते. आकडा ०.१५ च्या खाली गेला, की त्या नियतकालिकातला लेख नोकरीच्या निवडीत धरत नाहीत.

म्हणजे सुकेशनी वाचली. माझीच विद्यार्थिनी, जऊळक्याहून स्कूटीवर येते, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. आता कायम जागा निघाली आहे. वाशीमच्या ताम्रपटातल्या प्राकृत शब्दांवर तिने आमच्याकडे लेख लिहिला. तसा मला एक जरी साधला असता, तर मी इतका विनोदी झालो नसतो!

"पास झालो ना सर!" म्हणाली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

काठावर पास. मी!

शुक्रवार, ८ ऑगस्ट

कॉमर्सच्या मोहनसिंगांना आकडा दाखवला. मोबाइलवर काहीबाही टिपटिपलं आणि टेबलावर थाप मारली. "पंडितजी, हे लोक तं मेलेल्याइले बी भाजकात धरून राह्यले!"

खरंच की. आमची जुनी रीत — आजीव वर्गणीदार वारला की अंकात त्याच्यावर एक पान. लिहितो मीच. अशी एकवीस पानं त्या संस्थेने शोधलेख म्हणून मोजली. लेख चाळीस, भागलं एकसष्टने! मृत्युलेख वगळले तर अकरा दाखल्यांना चाळीसने भाग — ०.२७५. प्रथम श्रेणी!

सुकेशनीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "राहू द्या ना सर. चालून राह्यलं ते चालू द्या. कायले हात लावता?"

मी म्हणालो, चूक ती चूक.

"तुमी आन तुमची शुद्धी!"

शनिवार, ९ ऑगस्ट

संस्थेला मेल लिहिला. तीन परिच्छेद, एक टोमणा. टोमणा काढला. पुन्हा घातला. पाठवला.

बुधवार, २० ऑगस्ट

उत्तर नाही. टोमणा लागला असावा.

सोमवार, १ सप्टेंबर

हरकत मान्य! मृत्युलेख गणनेतून वगळले, धन्यवाद. मोहनसिंगांना आधी पेढा दिला आणि मग आकडा उघडला.

०.०७५.

चष्मा पुसून पाहिला. तोच.

मोहनसिंग पेढा हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "पंडितजी, त्याइनं मेलेले भाजकातून काढले, तं वरून, भाज्यातून बी काढले."

अकरापैकी आठ दाखले मृत्युलेखांचे होते. असणारच. अनसिंग गावचे जुने शास्त्रीबुवा कोणाजवळ शिकले, त्यांच्या पोथ्या पुढे कोणाच्या घरी गेल्या, हे माझ्या त्या पानांशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. संशोधक तेच उचलतात. गेलेली माणसं आम्हाला उचलून धरत होती, आणि मी त्यांना ओझं समजलो. आम्ही जिवंत लेखक सगळे मिळून — तीन दाखले! त्यातले दोन सुकेशनीच्या लेखाचे.

मंगळवार, २ सप्टेंबर

पुन्हा मेल. या वेळी टोमणा नाही. विनवणी. "होते तसे राहू द्यावे." तासाभरात उत्तर — यंदाचा आकडा अंतिम, बदल पुढच्या वर्षी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मुलाखतीची यादी लागली. सुकेशनीचं नाव नाही. लेख धरला नाही. प्राचार्यांना भेटलो, तर म्हणे नियम आहे, माझ्या हातात काय आहे?

जऊळक्याला तिच्या घरी गेलो. दारातच सांगून टाकलं — मी केलं हे. तू नको म्हणत होतीस.

"बसा तं आधी," म्हणाली. "एवढं मनाले लावून घ्याचं नाही, सर. चांगल्यासाठीच केलं ना तुमी?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १७ सप्टेंबर

त्रैमासिकाची अब्रू गेली, जाऊ दे. जागा पुन्हा निघेल, न निघेल. त्याची हळहळ आहे. पण झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. आज तिला ताम्रपटांवरच्या पुढच्या लेखाचं विचारलं. म्हणाली, "कायले सर? आकडाच सांगते ना, काही दम नाही त्याच्यात." मी म्हटलं, अगं, तिनातले दोन दाखले तुझे आहेत! तर म्हणते, "मले बरं वाटावं म्हणून तुमी म्हणता."

तिने तो आकडा खरा मानला आहे. मला भीती वाटते.