वाळवीमामांची पेटी

४ फेब्रुवारी

वाळवीमामा गेले. सकाळी दाढी करता करता. प्रयोगशाळेत त्यांच्या खुर्चीवर स्वेटर तसाच — कुणी उचलेना. जन्मभर वाळवीवर संशोधन, म्हणून हे नाव. त्यांनाही आवडायचं. "माझ्या घरात सगळं लोखंडी, बायकोचा स्वभावसुद्धा," असं त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे आमच्या वहिनींसमोरच सांगायचे.

६ फेब्रुवारी

शोकसभा. मला बोलायला लावलं. शोधनिबंध, शिस्त, वक्तशीरपणा... वक्तशीर! मामा! लोक एकमेकांकडे बघायला लागले. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

११ फेब्रुवारी

मामांच्या टेबलावरची वाळवीची काचेची पेटी आता माझ्याकडे. ओला भुसा घालते. दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकले नव्हते. कारण एवढंसं. राणी मेली की या जातीची अख्खी वसाहत संपते, हे माझं म्हणणं. मामांचं म्हणणं, नाही, उरलेल्यांतूनच नवी राणी तयार होते. भर बैठकीत मी पुरावा मागितला. ते नुसते हसले. तेव्हापासून आमचं बोलणं जिन्यात भेटलो तर, तेही हवापाण्याचं. तेच पहिल्यांदा बोलतील, असं मला वाटत राहिलं.

१२ फेब्रुवारी

राणी मेली.

३ एप्रिल

पेटी रिकामी करा, असं संचालकांनी आज पुन्हा सांगितलं. मी हो म्हणाले. पण हात धजावत नाही.

२० मे

पेटीत पांढरे ठिपके. आधी बुरशी वाटली. भिंग लावलं — अंडी! आणि शेजारी नवी राणी, चांगली गलेलठ्ठ. मामांना दाखवायला म्हणून उठलेसुद्धा. मग तशीच उभी राहिले.

२१ मे

वहिनींकडे जाऊन आले. सांगितलं, मामांचंच खरं होतं, मी चुकले. त्या दूध तापवत होत्या. गॅस बारीक केला आणि चहाचं आधण ठेवलं. मी कपभर चहा पिऊन निघाले.

२२ मे

वहिनींचा फोन. "काल सांगवेना. त्यांनी गेल्या वर्षीच पाहिली होती नवी राणी, दुसऱ्या एका पेटीत. मी म्हटलं, जाहीर करून टाका. तर म्हणाले, चारचौघांत तिला खोटं पाडायचं नाहीये मला. येईल ती आपणहून टेबलापाशी, मग तिलाच आधी दाखवीन."