कुत्र्याची पहिली ओढ

भवानीपूर, कलकत्ता
१४ नोव्हेंबर १९७८

प्रिय सुचित्रा,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. वृंदासाठी श्यामसुंदर खांबेटे यांचं स्थळ आलं आहे, ते कलकत्त्यात असताना आमच्याच इमारतीत राहायचे, तेव्हा पोलिसांचं काही प्रकरण झालं होतं असं कानावर आलं आहे, तर खरं काय ते कळव, असं तू लिहिलंस. अशा चौकशीला लोक पोस्टकार्डावर दोन ओळी लिहितात. तुला तसं लिहिणं माझ्याच्याने होत नाही. वडिलांच्या मागे तू त्या मुलीला आईसारखं वाढवलंस. तिशीला आलेल्या बहिणीसाठी तू किती उंबरे झिजवले असशील, ते मला इथे बसून दिसतं. म्हणून आधी उत्तर देते. श्यामसुंदरने काहीही केलेलं नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मला ते माहीत आहे. कसं माहीत आहे ते मात्र सावकाश सांगावं लागेल. हे गोदीवर गेले आहेत आणि सासूबाईंचा डोळा लागला आहे, तोवर लिहिते.

पाच वर्षांपूर्वी आमचे मामंजी घरातून नाहीसे झाले, एवढं तुला ठाऊक आहे. तू तेव्हा धीराचं पत्रही पाठवलं होतंस. कसे नाहीसे झाले ते मी तुला लिहिलं नव्हतं. रत्नागिरीचं घर बंद करून ते दोघं आमच्याकडे आले, तेव्हाच मामंजींचं विसरणं सुरू झालं होतं. जेवून उठले की अर्ध्या तासाने विचारायचे, आज जेवायला उशीर का? बंगाली येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. बोलायला माणूस एकच, आमच्या खालच्या मजल्यावर एका खोलीत राहणारा श्यामसुंदर. बँकेतून आला की मामंजी चष्मा घेऊन खाली जायचे. तो त्यांना मराठी पेपर वाचून दाखवायचा. पेपर चार दिवसांचा शिळा असायचा, आणि मामंजी तीच बातमी तीनदा ऐकायचे, तरी तो मुलगा कंटाळला नाही. वर पोचवायला यायचा तेव्हा म्हणायचा, वहिनी, तुमचं सामान घ्या ताब्यात. मामंजीही हसायचे. घरात त्यांच्याशी असं हसून बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे तर बोलतच नसत, आणि मी दमलेली असे.

तो गौरी जेवणाचा दिवस होता. मधल्या खोलीत सासूबाईंनी गौरी बसवल्या होत्या. त्या खोलीतूनच स्वयंपाकघरात जायची वाट, आणि स्वयंपाकघराच्या मागे सफाईवालीसाठी असलेला लोखंडी गोल जिना. इथल्या जुन्या घरांना असा जिना असतोच. सकाळपासून मी सोवळ्यात. पुरण, सोळा भाज्या, सगळं एकटीने. मामंजी दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. सूनबाई, वाढतेस ना? नैवेद्य व्हायचा आहे मामंजी, बसा बाहेर. जायचे आणि पुन्हा यायचे. चौथ्यांदा आले तेव्हा मी ओरडले. एक दिवस भूक आवरत नाही का तुम्हाला, असं म्हणाले मी, त्या गृहस्थांना, ज्यांनी माझ्या बाळंतपणात स्वतः पेज करून मला दिली होती. ते ओशाळले. स्वयंपाकघराच्या कडेने मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात जाऊन उभे राहिले. त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, पण सोवळ्यात मी त्यांना शिवू शकत नव्हते. अडीच वाजता पानं मांडली तेव्हा मामंजी नव्हते. चपला पुढच्या दाराशी जागच्या जागी होत्या. खाली गेले असतील म्हणून पाहिलं तर श्यामसुंदर बँकेत, खोलीला कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस कुत्रं घेऊन आले. इमारतीतली सगळी माणसं जिन्यात उभी. कुत्रा सांभाळणारा शिपाई नस्कर म्हणून होता, बारीक, शांत माणूस. त्याने मामंजींची चप्पल कुत्र्यापुढे धरली. कुत्रं क्षणभरही थांबलं नाही. पुढच्या दाराकडे पाठ फिरवून आत धावलं, मधल्या खोलीकडे. पट्टा इतका ताणला की नस्कर घसरला. आणि सासूबाई दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गौरींना अजून निरोप द्यायचा आहे, माझ्या गौरींपुढून कुत्रं जाणार नाही. नवऱ्याचा पत्ता नव्हता सुचित्रा, रात्रभर त्या रडत होत्या, आणि तरी बाजूला झाल्या नाहीत. इन्स्पेक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, मागचं दार वापरात नसतं, आतून बंद असतं. मग इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, काल बंद होतं का? मी म्हणाले, हो, कडी होती.

नस्करने कुत्र्याला मागे खेचलं. ते परत परत तिकडेच वळत होतं. शेवटी त्याला पुढच्या जिन्यात नेलं, पुन्हा चप्पल दाखवली आणि सोडलं. आता ते हळूहळू हुंगत निघालं, एक मजला उतरलं आणि श्यामसुंदरच्या दारापुढे जाऊन बसलं. रोज संध्याकाळी मामंजी जिथे जायचे तिथे. दुसरीकडे कुठे जाणार ते? पण जिन्यातली सगळी माणसं कठड्यावरून त्या दाराकडे वाकली. श्यामसुंदरने दार उघडलं तेव्हा त्याच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. त्याने कुत्र्याकडे पाहिलंच नाही, वर माझ्याकडे पाहून विचारलं, वहिनी, सापडले का हो आजोबा? आत टेबलावर पेपर होता आणि पेपरावर मामंजींचा चष्मा. गौरी जेवणाच्या आदल्या संध्याकाळी विसरलेला. मामंजींच्या बोटात पोवळ्याची अंगठी असायची, तेवढं कारण लोकांना पुरलं. बँकेच्या हजेरीत त्याची दिवसभराची नोंद होती, ते कुणी ऐकलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई म्हणाल्या, कुकुर भूल कोरे ना. कुत्रं चुकत नाही. आमच्या मराठी मंडळातही हेच वाक्य मराठीत फिरलं. मुक्या प्राण्याला काय कुणाशी वैर, असं म्हणत माणसं माझ्याकडचा चहा प्यायली.

पोलिसांनी त्याला अकरा दिवस ठेवून घेतलं. ते धरपकडीचे दिवस होते, कसे होते तुला माहीत नाही. इथे तेव्हा तरुण मुलगा ठाण्यात गेला की त्याच्याशी कसं वागायचं हे ठरलेलंच असे. काहीच मिळेना म्हणून सोडला. सामान न्यायला आला तेव्हा मी चहा दिला, तर कप दोन्ही हातांनी धरून पीत होता. मला म्हणाला, वहिनी, त्यांनी इतके दिवस माझ्याकडेच विचारलं, तेवढ्या वेळात आजोबांना शोधायला हवं होतं. एवढंच. मग बँकेने त्याला दूर कुठे बदलून टाकलं. मामंजी सापडले नाहीत. बारा वर्षं व्हायची आहेत, म्हणून सासूबाई अजून कुंकू लावतात, रोज सकाळी, मीच आरसा धरते.

दोन वर्षांनी काळीघाटच्या बाजारात नस्कर भेटला. त्यानेच ओळखलं. बुढा बाबू मिले, माँ? नाही म्हटल्यावर माझी पिशवी उचलून रस्त्यापर्यंत चालत आला. त्याच्या हिंदीत त्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. कुत्रं वास सांगतं, म्हणाला, गुन्हा सांगत नाही. माणूस तिथे कधी गेला ते वासावरून थोडंफार कळतं, का गेला ते मुळीच नाही. पहिली ओढ असते ती त्याची स्वतःची. ती मोडून दुसरीकडे नेलं की ते आपल्या तोंडाकडे बघतं, ह्यांना काय हवंय, आणि मग काहीतरी दाखवतं. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी तुमच्या यजमानांकडे. त्या दिवशी मी पट्टा ओढायला नको होता. मग थांबून त्याने विचारलं, माँ, त्या दाराच्या मागे काय होतं? मी म्हणाले, काही नाही, एक जिना. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि तो परत वळला.

आता ते लिहिते, जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. इन्स्पेक्टरांना मी म्हणाले की दाराला कडी होती. होती, कारण ती मीच लावली होती. नैवेद्याची तयारी करताना मला ती उघडी दिसली. मांजर आत येईल म्हणून मी बाहेर न पाहता ती सरकवली. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. हलकी, दोनदा. सणाच्या दिवशी सफाईवाली पार्वती जेवण मागायला यायची, तीच असेल असं वाटलं. मी पुरणाच्या हातांनी उभी होते, वैतागलेली. आतूनच ओरडले, बाद में आना. पुन्हा थाप पडली नाही. मामंजी तसे ऐकणारे होते. चार दिवसांनी पार्वती कामावर आली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या दिवशी ती बेहालाला लेकीकडे गेली होती.

म्हणजे कुत्र्याने बरोबर सांगितलं होतं. अनवाणी, उपाशी, चष्म्याशिवाय ते त्या जिन्याने गल्लीत उतरले, वाट उमजेना म्हणून वर आले, आणि मी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एवढं जरी मी बोलले असते, तरी पोलीस गल्लीत गेले असते, इस्पितळात गेले असते, आणि खालचा मुलगा दाढी पुरी करून कामावर गेला असता. मी बोलले नाही. सासूबाईंनी वाट अडवली तेव्हा मला राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे जो तो श्यामसुंदरबद्दल बोलत राहिला आणि माझ्या स्वयंपाकघराकडे कुणी पाहिलं नाही.

तुझ्याआधी दोन घरांतून अशीच चौकशी आली होती, एक नागपूरहून, एक ठाण्याहून. दोन्ही वेळा मी लिहिलं, मुलगा स्वभावाने बरा वाटला, त्या प्रकरणाबद्दल मात्र आम्हाला खात्रीने काही सांगता येत नाही. ह्यांनी वाचून म्हटलं, छान लिहिलंस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती लग्नं झाली नाहीत. तुलाही तेच वाक्य लिहून मी पाकीट चिकटवणार होते, सुचित्रा. पण पाकिटावर पत्ता घालण्यासाठी तुझं पत्र पुन्हा उघडलं, आणि घाईत न वाचलेली शेवटची ओळ दिसली. आमचं नाव तुला मध्यस्थाने दिलेलं नाही, श्यामसुंदरनेच दिलं आहे. माझ्याबद्दल विचारायचं तर कालिंदीवहिनींना विचारा, त्या घरात होत्या, त्यांना सगळं माहीत आहे, असं तो म्हणाला. म्हणजे नागपूरलाही त्यानेच दिलं असणार, आणि ठाण्यालाही. दोनदा नकार आला तरी त्याला वाटलं नाही की तो माझ्यामुळे आला. म्हणून हे पत्र. वृंदाला ते वाचायला दे, आणि मग त्याला दे. त्याने ते जपून ठेवावं, हवं त्याला दाखवावं, पोलीस ठाण्यावर नेलं तरी चालेल, माझी सही खाली आहे. लग्नाला मात्र आम्हाला बोलावू नका. पुन्हा कुणी चौकशीसाठी नाव विचारलं तर त्याने दुसरं कुणाचं तरी द्यावं, एवढंच त्याला माझ्याकडून सांग.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
कालिंदी