जवळचे नातेवाईक

५ जानेवारी २०२५, रविवार

आर. के. नगरमधल्या या फ्लॅटात आज सामान लागलं आणि जिवाला बरं वाटलं. दुसरा मजला, हवा भरपूर, गॅलरीतून कुणाचं तरी उसाचं रान दिसतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्याची बस कोपऱ्यावरच थांबते. पुण्याहून बदली मागून घेतली ती आईसाठी. तिला नेसरीहून आणलं. आल्या आल्या तिनं खुर्चीतूनच फर्मान काढलं, देव्हारा पूर्वेला आणि टीव्ही मला दिसंल असा. दोन्ही झालं.

आई म्हणजे अंबूबाई, वय चौऱ्याहत्तर, स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी डिसेंबरातच हात टेकले. दोन महिने, फार तर तीन. आईला सगळं माहीत आहे. तिची मागणी एकच : दवाखान्यात न्यायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत, दुखू द्यायचं नाही. घरात, माझ्यासमोर, शांतपणे.

म्हणजे शेवटच्या दिवसांची सेवा देणारी माणसं निवडायची. बावीस वर्षं मी कंपनीसाठी पुरवठादार निवडतोय, नटबोल्टापासून कॅन्टीनपर्यंत. तक्ता आखलाय. पाच नावं, सात निकष, प्रत्येकी दहा गुण. आठवड्यात काम होईल.

८ जानेवारी, बुधवार

आठवड्यात काय, या जन्मात होईलसं वाटत नाही. पहिल्या संस्थेत खाटा भरलेल्या, आणि घरी कुणी येत नाही. दुसरीकडची बाई म्हणाली, धीर धरा, आई ठणठणीत होतील. अहो, होणार नाहीत म्हणून तर फोन केला! तिसऱ्या ब्युरोनं एक मुलगी पाठवली. तिला विचारलं, वेदना वाढल्या तर काय करशील? म्हणाली, तुम्हाला उठवीन. चौथ्याकडे नर्स आहे पण मॉर्फिन नाही. मॉर्फिन फक्त पहिल्या संस्थेत, आणि तिथं लिहून देणारा डॉक्टर सोमवारीच असतो. सगळ्यांचा नन्नाचा पाढा. पाचवा फोनच उचलत नाही.

मरण हा शब्द उच्चारायला कुणी तयार नाही, आणि त्याचीच सेवा देतात म्हणे. दुपारी आईनं ओठ चावून कळ सोसली. मी तक्ता फाडला.

११ जानेवारी, शनिवार

मिळाले! कॅन्टीनमध्ये कुणीतरी जयसिंगपूरचं नाव सांगितलं. गेलो. स्टँडमागं एक खोली, पाटीसुद्धा नाही. टेबलाशी शिवाप्पा नावाचे गृहस्थ. मी सातही प्रश्न विचारले, सातही उत्तरं नीट आली. रोज सिस्टर येणार, औषध तिच्याजवळच, फोन केला की तासात हजर. शेवटी स्वतःच म्हणाले, "आमच्याकडं नाव लागलं की माणूस दुखण्यानं जात न्हाय." इतकं स्वच्छ बोलणारा माणूस आठवड्यात पहिल्यांदा भेटला.

फॉर्म एकच पान. पूर्ण नाव, पत्ता, जवळचे नातेवाईक, नाते. बसल्या बसल्या खरडून टाकला. नातेवाइकाची खूण लागते म्हणाले, म्हणून घरी आणून आईचा अंगठा घेतला आणि संध्याकाळी परत नेऊन दिला. माझ्या टेबलावर कागद कधी शिळा होत नाही. सत्तरपैकी सत्तर.

१३ जानेवारी, सोमवार

कालपासून चन्नम्मा सिस्टर येतात. पन्नाशीच्या, सीमेकडच्या, कमी बोलणाऱ्या. आईची पाठ पुसून दिली, थेंब दिले. आई सहा तास सलग झोपली. मला त्यांनी नाडी दाखवायला सांगितली. सांभाळणाऱ्यांचीही काळजी घेतात, चांगलं आहे.

आईची मात्र कुरकुर. म्हणे, "मयताच्या घरातनं उठल्यागत जाते बघ ती. येते म्हणत न्हाय." दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. पण सिस्टर कानडी मुलखातल्या. आई म्हणाली, कानडी माणूस तर जाऊन येतो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी हसण्यावारी नेलं. सेवा चोख आहे, निरोपाला काय करायचंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईनं अर्धी भाकरी खाल्ली! तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

खालच्या मजल्यावरच्या स्वप्नालीताई तिळगूळ घेऊन आल्या. निघताना आईला म्हणाल्या, येते हं आजी. मी दार धरून उभा होतो. माझ्याजवळून मान खाली घालून, एक शब्द न बोलता जिना उतरल्या. माझं काय चुकलं कळेना. राग आला.

१८ जानेवारी, शनिवार

आई काठीशिवाय न्हाणीपर्यंत गेली. मला मात्र पोटात, वरच्या बाजूला, पाठीपर्यंत कळ येते. जेवण नकोसं. डॉक्टरांकडे दोन तास बसलो, सगळे रिपोर्ट चांगले. म्हणाले, ताण आहे, सुट्टी घ्या. सुट्टीच घेतलीय हो! बाहेर सोडायला आलेला कंपाउंडर माझ्या पुढच्या माणसाला या म्हणाला. मला नाही.

परवा कंपनीतले दोघे भेटायला आले होते. उठले आणि गेले. नुसतेच.

सिस्टर आता आधी माझ्याकडे येतात. आईपाशी बसतात तेव्हा चौकशी माझी. पोराला काय आवडतं, झोप कुठल्या कुशीवर लागते. आज थेंबांची बाटली माझ्या उशाशी ठेवून गेल्या. मी ओरडलो, रुग्ण पलीकडच्या खोलीत आहे. त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सिस्टर हात धुवायला गेल्या तेव्हा त्यांची फाईल उघडली.

पूर्ण नाव : जोतीराम. माझं. माझ्याच अक्षरात. जवळचे नातेवाईक : अंबूबाई. नाते : आई. खाली तिचा अंगठा.

पहिल्या ओळीत रुग्णाचं नाव लिहायचं होतं. जन्मभर प्रत्येक फॉर्मवर लिहितो तसं मी माझं लिहिलं, आणि नातेवाईक म्हणून आईचं. दुसऱ्याच्या कागदात स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवणारा मी. हात दाखवून अवलक्षण.

शिवाप्पांना फोन केला. शांतपणे म्हणाले, आम्ही कागद बघून जातो, माणूस बघून नाही. दुरुस्ती होते, रोज होते. फॉर्म पाठवतो. जवळच्या नातेवाइकाचा अंगठा आणि रुग्णाची सही. रुग्णाची, म्हणजे माझी. सही झाली की लागू.

मी विचारलं, आणि आईचं काय. म्हणाले, ज्याचं दुखणं त्याला.

२३ जानेवारी, गुरुवार

बाकी पाचांनाही फोन केले. आम्हाला दुसरीकडे जायचंय म्हटलं. पाचांनी नाव विचारलं. पाचहीजण म्हणाले, तुमचं नाव एका ठिकाणी लागलंय, आम्हाला घेता येत नाही. जे फोन उचलत नव्हते त्यांनीसुद्धा उचलून हेच सांगितलं. फोन आपटला. आपटायलाही ताकद लागते.

सिस्टरना दार उघडलं नाही. त्या आत होत्या.

फॉर्म गादीखाली आहे. आई आज जिना उतरून स्वप्नालीताईंकडे गेली. हसण्याचा आवाज वर येत होता. हे मी माझ्या सहीनं — नाही. नाही करणार.

२५ जानेवारी, शनिवार

कळ. थेंब घेतले. लाज वाटते, पण घेतले. ते माझेच आहेत म्हणा.

तिची वेळ होती. माझी नव्हती. हे म्हणणं पाप आहे का? मी फक्त चूक दुरुस्त — चौऱ्याहत्तर आणि सत्तेचाळीस. कुणीही हिशेब —

गादीखालून काढला. परत ठेवला.

२६ जानेवारी, रविवार

आईनं चादर बदलताना फॉर्म काढला. वाचता येत नाही तिला. समोर धरला, कसला म्हणाली. खोटं बोलणार होतो. रडू आलं, सगळं सांगितलं.

कागद तिनं मांडीवर सारखा केला. मग म्हणाली, "पोराच्या वाटणीचं खाऊन बसले व्हय मी. आदी का न्हाय सांगितलंस?" शाई मागितली. मी नको म्हणालो. पण मोठ्यानं म्हणालो नाही. तिनं अंगठा उठवला.

सही मी केलेली नाही. अजून नाही.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळ

उठता येत नाही. पडून लिहितोय. आई स्वयंपाकघरात. म्हणाली, आज माझ्या हातची भाकरी खायची, गरम, तव्यावरची. मांडीवर डोकं घेऊन भरवते म्हणाली. लहानपणी तापात भरवायची तशी. तिलाही तेवढंच हवंय.

जाताना दारात थांबली. म्हणाली, "आदी जेव. मग सही कर."

पहिली झाली. वास येतोय.

कळ. थेंब संपलेत. सिस्टर कोपऱ्यात उभ्या आहेत, बाटली हातात, देत नाहीत. कागदाकडे बघतायत.

दुसरी थापतेय. थाप स्वच्छ ऐकू येते. एका लयीत. किती वर्षांनी.

जेवल्यावर. फक्त जेवल्यावर. दहा मिनिटं.

कळ —

पेन हातातच होतं.

केली. झाली. कळ गेली. एकदम गेली, कधी नव्हतीच अशी. उठून बसलो. भूक लागलीय. सिस्टर माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, येते हं. आणि स्वयंपाकघराकडं —

तिसरी थापतेय. थापतेय अजून. आई, मी आलो, तिथंच ये— मीच येतो, तू थाप, थांबू नको, थाप